कळव्याची टिटवी आणि माळावरची टिटवी

मे महिन्यात आमच्या इमारतीतले अर्धे लोक मनालीला गेले आणि उरलेले अर्धे मनालीच्या फोटोंना अंगठे देत बसले. मला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची होती. म्हणून ठरवलं, या वेळी प्रवास आपल्याच जिल्ह्यात करायचा आणि दोन टिटव्या बघून यायच्या. एक कळव्याला, दुसरी डोंबिवलीच्या पलीकडे माळावर. ठाण्याच्या नौपाड्यातून निघायचं, एक मुक्काम मावसबहिणीकडे, दुसऱ्या दिवशी जेवायला घरी. खर्च म्हणाल तर रिक्षा, थोडं पेट्रोल आणि खाणं. अशी सहल कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल ते सगळं लिहिणार आहे. पण आधीच सांगून ठेवते, हे वाचून प्रसन्न वगैरे काही वाटणार नाही. मी चिडलेली आहे आणि ती चीड अजून उतरलेली नाही.

टिटवी म्हटलं की आपल्याकडे लोक कानावर हात ठेवतात. ती ओरडली म्हणजे काहीतरी वाईट होणार, असं माझी आईसुद्धा म्हणायची. प्रत्यक्षात ती बिचारी स्वतःवर काहीतरी वाईट येऊ नये म्हणून ओरडत असते. कबुतराहून थोडी मोठी, लांब पिवळ्या पायांची, पाणवठ्याकाठी आणि उघड्या रानात चालणारी. आपल्याकडे तिच्या दोन जाती नेहमीच्या. एक ताम्रमुखी, डोळ्यापुढे लाल मांसल गाठ, लाल चोच, काळी छाती. दुसरी पीतमुखी, जिला माळटिटवी म्हणतात. तिच्या डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी पट्टी, डोळ्यापुढे पिवळी गाठ आणि बाकी सगळं अंग मातीच्या रंगाचं. पहिली तुम्ही पाहिलेली असणार. दुसरी तुमच्यासमोर उभी असली तरी पाहिलेली नसणार.

शनिवारी ऊन चढायच्या आत निघाले. नौपाड्यातून स्टेशनपर्यंत चालत आणि तिथून रिक्षा. कळवा म्हटल्यावर पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी तोंड वाकडं केलं, कारण पुलावरून परत यायला भाडं मिळत नाही म्हणे. तिसऱ्याने बसवून घेतलं. पुलावर खाडीचा वास आला तेव्हा ओहोटी होती आणि चिखलात बगळे उभे होते. मी मान बाहेर काढून बघायला लागले तर रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, डोकं आत घ्या. पक्षी कुठं पळून नाय जात." त्याला काय माहीत, असं मनात म्हणून मी डोकं आत घेतलं.

माझी मावसबहीण वंदू कळव्यात खाडीच्या बाजूला राहते. तिच्या सोसायटीच्या मागे गाड्या लावायला खडी टाकलेली जागा आहे आणि त्या खडीतच, सेक्रेटरींच्या गाडीच्या जागेवर, लाल टिटवीने अंडी घातली होती. सलग दुसऱ्या वर्षी. टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीत थोडासा खळगा, चार खडे इकडेतिकडे, झालं बाळंतपणाचं घर. सोसायटीने भोवती नारिंगी कोन ठेवले होते, दोरी बांधली होती आणि पाटी लावली होती: "शांतता राखा, टिटवी बाळंतीण आहे."

शांतता राखायची ती माणसांनी. बाईसाहेबांना तसलं काही बंधन नव्हतं. आम्ही जिन्यातून बाहेर पाऊल टाकलं आणि तिने आकाशपाताळ एक केलं. टिट्टिटिटीव, टिट्टिटिटीव! नवरा कुठून तरी उडत आला आणि थेट आमच्या डोक्यावर झेपावला. वॉचमन मोटरसायकलवाल्याचं हेल्मेट घालून खुर्चीत बसला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"दोन वेळा टपली मारली मला," तो हेल्मेटच्या आतून म्हणाला. "तिसऱ्यांदा नाय खाणार."

वंदू हसून म्हणाली, "ताई, सेक्रेटरी रस्त्यावर गाडी लावतायत महिनाभर. वर जाम खूश. सगळ्या ग्रुपवर फोटो गेलाय ना त्यांचा."

गेल्या वर्षीची पिल्लं सुखरूप खाडीकडे चालत गेली होती आणि तो कोन-दोरी-पाटीचा फोटो ठाणे-कल्याणच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला होता. माणसांनी एक चांगली गोष्ट केली होती आणि मला ते बघून खरोखर बरं वाटलं. लाल टिटवी कुत्र्यावर जाते, मांजरीवर जाते, गाडीवर जाते. ती राहतेच मुळी माणसांच्या गोंगाटात आणि त्यात स्वतःची भर घालून. तिच्याभोवती दोरी बांधली काय, बँड लावला काय, ती त्याच्यावर ओरडून परत अंड्यांवर येऊन बसते. मी दिवसभर वंदूच्या गॅलरीतून ते बघितलं. दुपारी ती खाडीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली, उन्हात ती तापू नयेत म्हणून. संध्याकाळी वंदूने भरली वांगी आणि पन्हं केलं. तो दिवस चांगला गेला, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

रविवारी पहाटेच वंदूच्या छोट्या गाडीने निघालो. कळव्याहून मुंब्रा बायपास, शिळफाटा, मग कल्याण-शिळ रस्ता. रविवारी लवकर निघालात तर बरा वेळ लागतो, उशीर केलात तर तुमचं नशीब. रस्त्याचं काम चालू आहे असं मी म्हणणार नाही, कारण काम चालू असल्याचं कुठे दिसलं नाही, फक्त खणलेलं दिसलं. खड्डा चुकवायला गेलं की खांब आणि खांब चुकवायला गेलं की डंपर. दोन्ही बाजूंना टोलेजंग इमारतींच्या जाहिराती आणि प्रत्येक जाहिरातीत एक हिरवं रान, त्यात एक पांढरा पक्षी. रान भरून टाकायचं आणि मग त्याचं चित्र लावून घर विकायचं! वंदू म्हणाली, "ताई, तू जाहिरातींशी भांडू नको आता, अजून पोचायचंय." रस्त्याकडेला ताडगोळे मिळतात ते मात्र घ्या. कोवळे मागून घ्या.

आम्ही अलकाकडे निघालो होतो. अलका माझी कॉलेजातली मैत्रीण, डोंबिवलीत शाळेत जीवशास्त्र शिकवते. इतक्या हळू बोलते की तिच्या वर्गातली मुलं गप्प बसायला आपोआप शिकतात. घरापासून स्कूटरवर थोड्या अंतरावरचा एक माळ ती लग्न झाल्यापासून बघते आहे. पूर्वी तो क्षितिजापर्यंत होता म्हणे. आता तीन बाजूंनी इमारती आल्या आहेत आणि चौथ्या बाजूने डंपर येऊन पाडकामाचा राडारोडा ओततात. मधे जो तुकडा उरलाय त्यावर माळटिटव्यांची एकच जोडी उरली होती. त्या जोडीने एप्रिलअखेर चार अंडी घातली. अलकाने ते फक्त मला सांगितलं आणि सावेकाकांना.

सावेकाका म्हणजे तिकडच्या निसर्गप्रेमी मंडळींचे म्होरके, निवृत्त, सत्तरीचे, अंगात अजून दांडगा उत्साह. अलकाने त्यांना सांगण्याचं कारणही पटण्यासारखं होतं. डंपर अंड्यांच्या जवळ येऊ लागले होते आणि ते थांबवायला ओरडणारं माणूस हवं होतं. काकांनी खरोखरच ते थांबवले. एका डंपरपुढे ते स्वतः आडवे उभे राहिले. इथपर्यंत त्यांना माझा नमस्कार आहे.

माळ नेमका कुठे, हे मी लिहिणार नाही. कॉमेंटमध्ये विचारू नका, फोन करून विचारू नका, "फक्त मला सांग" असंही म्हणू नका. का, ते पुढे कळेल.

शेवटच्या गावापाशी पोचलो तर रस्त्याकडेला गाड्याच गाड्या. मला वाटलं लग्न असेल. एक आगरी आजीबाई कमरेवर हात ठेवून एका मोठ्या गाडीसमोर उभ्या होत्या.

"गारी मांगं घे रं! माजी सुकट वालत घातलीय तथं, दिसं नाय का तुला?"

गाडीचं चाक खरोखरच वाळत घातलेल्या सुकटीच्या कापडावर होतं. गाडीतून उतरलेल्या पोराच्या गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता. तो म्हणाला, "सॉरी हां मावशी, दो मिनट, पक्षी बघून आलो." आजीबाईंनी त्याला जे ऐकवलं ते लिहीत नाही. मी मात्र वंदूला ओढतच पुढे निघाले, कारण त्या गावात पक्षी म्हणजे कोणता पक्षी, हे मला माहीत होतं.

माळावर पोचलो. आधी दिसलं ते पांढरं कडं. मातीच्या रंगाच्या त्या सगळ्या पसाऱ्यात चुन्याने रंगवलेल्या दगडांचं लख्ख पांढरं वर्तुळ, शेजारी काठीला लावलेलं भगवं फडकं आणि पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं घमेलं. वर्तुळाच्या मधोमध चार अंडी. आणि वर्तुळाभोवती, हात लांब करावा इतक्या अंतरावर, माणसंच माणसं. कॅमेरे, मोबाइल, टोप्या, लहान मुलं, एक बाई तर वर्तुळाकडे पाठ करून सेल्फी काढत होती.

अलका बाजूला छत्री धरून उभी होती. डोळे लाल झाले होते. मला बघताच म्हणाली, "मेधा, मी त्यांना फक्त डंपरसाठी सांगितलं होतं गं. सगळ्यांना सांगून बघितलं. ऐकतच नाहीत माझं."

"टिटवी कुठाय?"

तिने बोट दाखवलं. लांब, राडारोड्याच्या ढिगापाशी एक मातकट ठिपका उभा होता. हलत नव्हता, मोठ्याने ओरडत नव्हता. मधूनच एक बारीक, तुटक हाक, ची-इट. माळटिटवीचं सगळं जगणं या एका गोष्टीवर उभं आहे की ती कुणाला दिसू नये. धोका दिसला की ती उडत नाही, झेपावत नाही. अंड्यांवरून गुपचूप उठते, चार पावलं चालते, थांबते, पुन्हा चालते आणि दूर जाऊन अशी उभी राहते की जणू तिचा या जागेशी काही संबंध नाही. अंडी मातीत मिसळलेली. तिला ठाऊक असतं, की आपण दाखवली नाहीत तर ती कुणाला दिसणार नाहीत. आणि या शहाण्यांनी त्या अंड्यांभोवती चुन्याचं वर्तुळ काढलं होतं!

सावेकाका हसतमुखाने पुढे आले. "या, या! आपण थोडा उशीर केलात. परिचयाचा कार्यक्रम झाला आमचा. आता दर्शन चालू आहे, त्यानंतर अल्पोपहार."

"काका, पक्षी अंड्यांवर नाहीये."

"येईल की. सवय होईल तिला. कळव्याला नाही का झाली? त्याच धर्तीवर केलं आहे आपण सगळं."

"अहो, कळव्याची ती लाल टिटवी. ती माणसांच्या अंगावर जाते. ही जात नाही. ही लपते. तुम्ही इथे उभे आहात तोवर ती येणार नाही आणि ऊन बघा केवढं झालंय. अंडी शिजतील."

"आणि डंपर?" काकांचा आवाजही चढला. "डंपरवाल्याला ती अंडी दिसणार आहेत का? तुम्हाला तरी दिसली असती? हे दगड मी रंगवले ते काय हौस म्हणून?"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे कबूल करते. डंपरला दिसावं म्हणून रंगवलेला दगड सगळ्यांनाच दिसतो, एवढंच मला कळत होतं. पण दगडांचा वाद नंतरही घालता आला असता. माणसं तर आत्ता हलवता येत होती.

वंदू माझ्या कानाशी म्हणाली, "अलकाला ओरडता येत नाही. तुला येतं. ओरड ना."

मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. सगळे आत्ताच्या आत्ता रस्त्यावर जा, असं सांगितलं. सेल्फीवाल्या बाईला तिची पोरं घेऊन निघ म्हणाले. एक कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, आम्ही पण नेचर लव्हरच आहोत." मी म्हटलं, "मग लांबून प्रेम करा." मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "भाई, ये आंटी कौन है?" आंटीने त्यालाही सोडलं नाही. वंदूने गाडीची किल्ली हातात नाचवत शेळ्या हाकल्यासारखी माणसं हाकली. कुरकुरत, पुटपुटत, मागे वळून शेवटचा एक फोटो काढत सगळे अखेर रस्त्याकडेच्या गाड्यांमागे गेले. मी दगड उचलायला परत निघाले तेव्हा अलकाने माझा दंड धरला. "आता कुणीच जाऊ नका. आधी तिला बसू दे."

आम्ही गाडीआड उभे राहिलो. दुर्बिणीतून दिसत होतं, टिटवी निघाली होती. चार पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. अलकाने श्वास रोखून धरला होता.

आणि तेवढ्यात कावळे उतरले. काय झालं होतं, की त्या मंडळींचा अल्पोपहार काहींनी दर्शनाआधीच उरकला होता, तिथेच वर्तुळापाशी उभं राहून. आपल्याकडे चार माणसं जमली की वडापाव लागतोच, मग सभा असो, श्रमदान असो की अंडी बघणं असो. कागदाच्या डिशा माळावर पडल्या होत्या, वड्याचे तुकडे पडले होते. माणसं होती तोवर कावळे इमारतीच्या कठड्यावर बसून वाट बघत होते. एकाने तुकडा उचलला. दुसरा उड्या मारत पांढऱ्या दगडांपाशी गेला, मान तिरकी केली आणि आत बघितलं.

तेव्हा मात्र माळटिटवी ओरडली. नर कुठून आला ते कळलंच नाही. दोघांनी कावळ्यावर झेप घेतली, पुन्हा घेतली. तो उडाला तर बाजूने दुसरा आला. मी धावत सुटले, अलका छत्री टाकून माझ्या पुढे धावली. तिच्या तोंडून निघालेली ती किंचाळी मी पंचवीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा एक अंडं गायब होतं आणि बाकीची फुटलेली होती. आत पिल्लांचा आकार आला होता. याहून जास्त लिहिणार नाही.

अलकाने टरफलं रुमालात गोळा केली. आम्ही परत रस्त्यावर आलो. काका वड्यांच्या टोपलीपाशी उभे होते, त्यांना नीटसं दिसलं नव्हतं. मी सांगणार, एवढ्यात कॅमेरावाल्यांत एकदम गलका झाला.

"बैठी! बैठी! भाई, बैठ गयी!"

टिटवी चालत आली होती. दगडांच्या मधून आत गेली, पायांनी माती थोडी सारखी केली, पिसं फुलवली आणि त्या रिकाम्या खळग्यावर बसली. भर उन्हात, चोच उघडी टाकून, बरोबर त्याच जागी. धडाधड शटर वाजू लागले. काकांचा चेहरा उजळला. "बघा! बसली! मी म्हटलं नव्हतं, सवय होईल?"

"काका, खाली काही नाही," मी म्हटलं. "रिकामं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अलकाच्या हातातल्या रुमालाकडे. टोपी काढली आणि गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. त्या क्षणी मला त्यांची दयासुद्धा आली. पण शटर वाजतच होते आणि काका ते थांबवायला काही बोलले नाहीत.

परतीला अलकाला घरी सोडलं. मानपाडा रस्त्यावर चांगली मिसळ मिळते, असं लिहायचं मी ठरवलं होतं. आम्ही खाल्ली नाही, म्हणून सांगता येत नाही. वंदूने मला खोपटला सोडलं, तिथून रिक्षाने घरी आले आणि चपला काढायच्या आत तिचाच मेसेज आला. सावेकाकांच्या ग्रुपवरचा फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. अप्रतिम फोटो. पिवळी गाठ, काळी टोपी, पिसान् पीस मोजता येईल इतकं स्पष्ट. खाली लिहिलं होतं: "अंडी उबवताना माळटिटवी. संवर्धन उपक्रम यशस्वी! सर्वांचे आभार." त्याखाली टाळ्या, हात जोडलेले, फुलांचे गुच्छ.

मी सावेकाकांना फोन लावला. "तुम्हाला माहीत आहे, तिथे अंडी नव्हती."

ते म्हणाले, "माहीत आहे हो. पण खरं सांगितलं तर लोक नाउमेद होतील. पुढच्या वेळी डंपर अडवायला कोण येईल माझ्यासोबत?"

मी फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, म्हणून गादीवर आपटला. चीड याची येते, की त्यांच्यातला एकही माणूस दुष्ट नव्हता. दुष्टांशी भांडायला मला जमतं. कौतुक करत करत, आभार मानत मानत, वडा खात खात ज्यांनी ती चार अंडी संपवली, त्यांच्याशी कसं भांडू? आणि ते अजून खूश आहेत! तो फोटो एका स्पर्धेला पाठवलाय म्हणे.

आता माळावर गुडघाभर गवत आहे आणि विणीचा हंगाम सरलाय, म्हणून हे लिहायला हरकत नाही. टिटवीची अंडी गेली तर पावसाआधी ती कधीकधी पुन्हा घालते. म्हणून मेअखेर मी अलकाला फोन केला होता. संध्याकाळ होती.

"अलका, परत दिसली का गं जोडी? घातली का अंडी?"

"नाही गं," ती तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली. "मी गेलेच नाही तिकडे. घरीच आहे. काही नाही आता तिथे."

तिच्या मागे वारा वाहत होता. आणि वाऱ्यात, अगदी जवळून, बारीक आणि तुटक, ची-इट.

मग मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला.